खुंटीवरचा बिल्ला

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेलं की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. या वेळी आत्याने विचारला. "तू दवाखान्यात असतीस, पर डॉक्टर न्हाईस. मशीन बी चालवत न्हाईस. मग करतीस तरी काय?"

मी माझं लांबलचक पद सांगितलं. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. एक्स-रे, सीटी, कॅन्सरच्या उपचाराची यंत्रं, यांचा मारा जिथे पडायला हवा तिथेच पडतोय ना, आणि तिथे काम करणाऱ्यांना गरजेपेक्षा जास्त लागत नाही ना, हे बघायचं.

"म्हंजी राखणदार. आन् पगार कोण देतं?"

"दवाखानाच."

"मग मालकाचीच राखण करायची, आन् मालकाचाच पगार घ्यायचा!" असं म्हणून आत्या पोळ्या लाटायला गेली. मंडळी, आमच्या व्यवसायाचं सगळं दुखणं तिने एका वाक्यात सांगितलं. मला ते कळायला बारा वर्षं लागली होती.

दुसऱ्याच दिवशी भाचा पडला आणि मनगट सुजलं, म्हणून फोटो काढायला नेलं. गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही, कारण ते दृश्य एकाच ठिकाणचं नाही. दाराबाहेरचा लाल दिवा बंद. दार अर्धवट उघडं. शिशाचा एप्रन घडी घालून खुर्चीत ठेवलेला आणि त्यावर जेवणाचा डबा. (एप्रनची घडी घालायची नसते. आतल्या थराला चिरा पडतात, वरून कापड मात्र नव्यासारखं दिसतं.) भाचा हात स्थिर ठेवेना तेव्हा टेक्निशियन पोराने स्वतःच त्याचा कोपर धरला आणि मदतनिसाला बटण दाबायला सांगितलं. मी थांबवलं. एप्रन चढवला आणि भाच्याला मी धरलं. धरायची वेळ आलीच तर नातेवाइकाने एप्रन घालून धरावं, आणि ती बाई गरोदर नसावी, एवढं साधं आहे. मी आयुष्यात एकदा धरीन. तो रोज धरतो.

मग त्याचा बिल्ला दिसला. कंट्रोल पॅनेलच्या मागे खुंटीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी.

"हा छातीवर का नाही?"

"मॅडम, रीडिंग वाढलं की वरनं पत्र येतं. मालक चिडत्यात. इथं टांगला की शून्य येतंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा बिल्ला कुणाचं रक्षण करत नाही. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. किरण लागले की त्यांची ऊर्जा चकत्यांत साठून राहते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकत्या तापवल्या की त्यांतून उजेड बाहेर पडतो, आणि उजेड जितका, तितका त्या माणसाला लागलेला मारा. म्हणजे बिल्ला हा साक्षीदार आहे. आपण त्यालाच खुंटीला टांगतो, आणि त्याने काही पाहिलं नाही म्हणून खूश होतो.

आमच्या माणदेशातली, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. मुलखाबाहेर जाऊन सोनं-चांदी गाळणारी ही माणसं. सोन्याचा कस न लावता घेतलेला दागिना शुद्धच निघाला, असं कुणी गलाईवाल्याला सांगून बघावं! पण दवाखान्यात न लावलेल्या कसाचा आकडा आम्ही फाइलला लावतो. मीही लावलाय. पहिल्या नोकरीत एका तिमाहीत अख्ख्या विभागाचे आकडे शून्य आले. त्यात कॅथलॅबमधले दोघे होते, जे रोज किरणांच्या झोताशेजारी उभे राहत. हे शक्य नाही हे मला कळत होतं. व्यवस्थापक म्हणाले, "छान रिपोर्ट आहे की, सही करा." मी केली.

कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. सामान्य माणसाला वर्षाला १. नीट बांधलेल्या खोलीत, पडद्यामागे उभं राहून काम केलं तर एक्स-रेवाला या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. म्हणून तर चीड येते. इथे वाचणं इतकं सोपं आहे! अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. दोन पावलं मागे सरकायला अनुदान लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "नियमांचा बाऊ केलात तर तालुक्याच्या गावातली मशीनं बंद पडतील, मग लोकांनी साताऱ्याला जायचं का?" हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. मशीन घ्यायला पैसे होते ना? त्यापुढे एप्रन अडकवायचा दांडा, लाल दिव्याचा बल्ब आणि तीन महिन्यांनी बिल्ला पाठवायचा खर्च तो किती! अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ पासून आहे. २००४ सालच्या नियमांनी मालकाची, सुरक्षा अधिकाऱ्याची आणि कामगाराची जबाबदारी वेगवेगळी लिहून ठेवली. कागदाची कमतरता कधीच नव्हती. कागदावरचं खरं आहे का, हे बघणाऱ्याला दवाखान्यात कुणी विचारत नाही, ही खरी अडचण आहे.

कागद आणि वस्तू यांची फारकत झाली की काय होतं, ते २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात दिसलं. दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट-६० असलेलं एक यंत्र १९८५ पासून वापरात नव्हतं. ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एकाने चमकता तुकडा पाकिटात ठेवला. एक जण दगावला, बाकीचे महिनोन्‌महिने भोगत राहिले. यात कुणी खलनायक नव्हता. एका विद्वान विभागाला आपल्या खोलीत काय पडलंय याचा विसर पडला होता, बस्स.

आणि आपणही काही कमी नाही. भीती आहे, पण भलत्या जागी. गावात एका आजींना कॅन्सरसाठी "लाईट" दिली, तर घरच्यांनी नातवंडं त्यांच्याजवळ जाऊ दिली नाहीत. बाहेरून यंत्राने दिलेल्या लाईटनंतर माणसाच्या अंगात काहीही उरत नाही हो! (थायरॉइडसाठी आयोडीन पाजतात तेव्हा मात्र काही दिवस जपावं लागतं, ते डॉक्टर सांगतात.) छातीच्या एका फोटोला घाबरणारे आमचे काका डोकं दुखतंय म्हणून स्वतःच सीटीचा हट्ट धरतात. पोटाचा एक सीटी म्हणजे छातीचे शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त फोटो. गरज असेल तर जरूर काढावा, पण जुनी फिल्म सोबत न्यावी, पुन्हा काढायची वेळ कशाला आणायची?

त्या पोराला मी एवढंच म्हटलं की बिल्ला लाव, एप्रनच्या आत, छातीवर. त्याने खुंटीवरून काढून शर्टाला अडकवला. मग विचारलं, "आन् आकडा आला तर मालकाला तुम्ही सांगाल का?"

मी माझा नंबर दिला. ही तिमाही डिसेंबरअखेर संपते.