तीन रुपयांची पिशवी
चंदीगडच्या एका ग्राहकाने २०१९ साली बाटाच्या दुकानातून बूट घेतले. बिल झाले ४०२ रुपये, त्यात तीन रुपये कागदी पिशवीचे. पिशवीवर जाहिरात मात्र कंपनीचीच. म्हणजे ती गावभर मिरवायची ग्राहकाने आणि पैसेही मोजायचे त्यानेच! जिल्हा ग्राहक मंचाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तीन रुपये तर परत मिळालेच, वर कंपनीला ९००० रुपयांचा भुर्दंड बसला. त्यातले ५००० ग्राहकांच्या कायदेशीर मदतनिधीत गेले. तीन रुपयांसाठी कोण भांडतो, या हिशेबावर अशी वसुली चालते, म्हणून तर हा निकाल मोलाचा. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा मानली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही गल्ल्यामागची लाडकी पाटीही सदोष मालाबाबत आता निरुपयोगी. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर असा माल तीस दिवसांत परत घ्यावाच लागतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (पूर्वीच्या मंचात) करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो खरा. तारखा मात्र लांबतात. तरी तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, तोवर बिल फाडू नये.