जोखमीचा अंदाज इथल्या माणसांवर तपासा

धामणगाव रेल्वेच्या एखाद्या दवाखान्यात पंचविशीतला सडपातळ तरुण वाढलेली साखर घेऊन आला, तर आधी ठरवावे लागते की मधुमेह कोणत्या प्रकारचा. पहिल्या प्रकारात इन्शुलिनवाचून जगणे नाही. दुसऱ्यात बरेचदा गोळ्यांवर भागते. युरोपात रुग्णाच्या बांध्यावरून थोडाफार अंदाज येतो, पण आपल्याकडे बारीक माणसालाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो आणि तो अंदाज फसतो. अशा वेळी जनुकीय जोखीम-गुणांचा आधार मिळू शकतो: डीएनएतल्या ठरावीक खुणा पाहून, प्रत्येक खुणेला कमी-जास्त वजन देऊन केलेली बेरीज. अडचण अशी की ही वजने मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरली आहेत. 2019 च्या एका आढाव्यात अशा अभ्यासांतले सुमारे 79 टक्के सहभागी त्याच वंशाचे निघाले.

माणसांची जनुके तर सारखीच, मग फरक कशाने पडतो? बेरजेत सहसा रोग घडवणारा बदल मोजला जात नाही, त्याच्या शेजारची खूण मोजली जाते. आणि युरोपात त्या बदलासोबत पिढ्यानपिढ्या आलेली खूण इथेही त्याच्यासोबत असेलच असे नाही. म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचे काम मला फार मोलाचे वाटते. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि ब्रिटनचे एक्सेटर विद्यापीठ यांच्यासह त्यांनी हे गुण पुण्यातल्या रुग्णांवर पडताळले. 2020 मध्ये निष्कर्ष आला: गुण उपयोगी पडतात, पण युरोपात पडतात तितके नाहीत. हे कळले ते पडताळले म्हणून.

पण पुण्यात जमले ते मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना लागू पडेल, हे गृहीत कसे धरायचे? जीनोम इंडिया प्रकल्पाने 83 समाजगटांतल्या दहा हजार लोकांचे जीनोम वाचले, 2025 च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. पाया उत्तम आहे; मात्र जोखीम ठरवायला कोणाला कोणता आजार कधी झाला, याची वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि ती गावच्या दवाखान्यातच तयार होते. आधी साखर-बीपीच्या तपासण्या तरी नीट होऊ द्या, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे, पण त्याच तपासण्यांच्या नोंदी नीट ठेवल्या तर दोन्ही कामे साधतात. अशा गुणांमुळे एखाद्या जातीवर रोगाचा शिक्का बसण्याची भीती या आक्षेपाहून गंभीर आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अहवाल कळल्यावर सोयरीक मोडण्याची धास्ती विदर्भाला नवी नाही. म्हणून हिशेब आडनावावरून नव्हे, त्या माणसाच्या डीएनएवरूनच व्हावा, आणि त्याच्या संमतीशिवाय अहवाल कोणाच्या हाती जाऊ नये. या अटींवर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामचे रुग्णालय यांना अशा पडताळणीत सामील करून घ्यावे. आणि ती होईपर्यंत जनुकीय जोखमीच्या प्रत्येक अहवालावर तो कोणत्या लोकांवर तपासलेला आहे, हे मराठीत छापणे सक्तीचे करावे.