पवित्रा उंच करा, नेम मोडू नका

ताई ची, बागुआ किंवा शिंगयी शिकलेल्या आणि आता सत्तरी-ऐंशीकडे निघालेल्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. गुडघे दुखतात, लाथ पूर्वीसारखी वर जात नाही, क्रम मध्येच विसरतो, एवढ्यासाठी सराव सोडू नका. तो आपल्या वयाच्या मापाचा करून घ्या. आणि ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांनी ‘आता या वयात कुठे’ असं म्हणू नका.

या तिन्ही कलांना चीनमध्ये आंतरिक युद्धकला म्हणतात, कारण त्यांचा भर स्नायूंच्या जोरापेक्षा सैल अंगावर, सांध्यांच्या सरळ रचनेवर आणि एकाग्र लक्षावर असतो. म्हणूनच त्या म्हातारपणी निभतात. तोच फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, मांड्या जमिनीला समांतर आणून करता येतो आणि जवळजवळ ताठ उभं राहूनही करता येतो. शिकायचं दोन्हीकडे तेच असतं: कणा सरळ, खांदे सैल, वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश आणि पुरतं न्यायचं, हात कमरेच्या फिरण्यातून चालवायचे. खोल पवित्र्याने मांड्यांची ताकद वाढते, हे खरंच. पण पवित्रा चार बोटं वर घेतला म्हणून कला उणी होत नाही.

उशीर झाला असं वाटणाऱ्यांनी सुन लुतांग यांचं आयुष्य पाहावं. १८६० मध्ये जन्मलेले हे गृहस्थ शिंगयी आणि बागुआ या दोन्हींतले नावाजलेले उस्ताद होते. पन्नाशी ओलांडण्याच्या सुमारास त्यांची गाठ बीजिंगमध्ये हाओ वेइझेन या ताई चीच्या गुरूंशी पडली. हाओ तिथे आजारी पडले, सुन यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि मग त्यांच्याकडून ताई ची शिकायला सुरुवात केली. नाव झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला, आणि त्या शिकण्यातून पुढे सुन शैली उभी राहिली. या शैलीत पवित्रा उंच असतो, एक पाऊल पुढे पडलं की मागचं पाऊल त्याच्या पाठोपाठ येतं, त्यामुळे गुडघ्यावर वाकलेल्या स्थितीत फार वेळ भार राहत नाही. डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी ताई चीचा कार्यक्रम बांधला, तेव्हा त्यांनी हीच शैली निवडली.

लियांग तुंगत्साय यांनी तर चाळिशीत गंभीर आजारातून उठताना ताई ची धरली. १९०० मध्ये जन्मलेले लियांग पुढे अमेरिकेत शिकवत राहिले आणि २००२ मध्ये गेले. शांघायचे मा युएलियांग पेशाने डॉक्टर, रक्तविकारांचे जाणकार. ताई चीच्या वू शैलीचे गुरू वू जियानच्युआन यांचे ते शिष्य आणि जावई. ते आणि त्यांच्या पत्नी वू यिंगहुआ उतारवयापर्यंत शिकवत होते. मा नव्वदी ओलांडल्यावरही तुईशौ करत, म्हणजे समोरच्याच्या हाताला हात लावून त्याचा जोर ओळखण्याचा आणि वळवण्याचा दोघांचा सराव. त्यात तरुण माणसाच्या दंडांशी दंडांनी झुंजायचं नसतं. समोरच्याचा तोल कुठे ढळतो, हे स्पर्शाने ओळखायचं असतं. ही जाण वयाबरोबर वाढू शकते.

मात्र कुणी तुम्हाला शंभर वर्षांची हमी देत असेल, तर त्याच्यापासून दूर राहा. यांग चेंगफू यांच्याइतकं ताई ची जगभर पोहोचवणारे थोडेच झाले. ते ५३व्या वर्षी गेले. अडीचशे वर्षं जगलेल्या चिनी साधकांच्या कथा फिरतात, त्यांना कसलाही भरवशाचा आधार नाही. आयुष्याची लांबी अनेक गोष्टींवर ठरते. सरावाने मिळतं ते वेगळं आहे आणि तेही मोठं आहे: स्वतःच्या पायावर, न पडता, हिंडण्या-फिरण्याची ताकद.

याला पुरावा आहे. अमेरिकेत अटलांटा इथे सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या २०० जणांवर एक अभ्यास झाला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ आठवडे ताई ची शिकलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाला. २०१८ मध्ये ओरेगनमधल्या संशोधकांनी पडण्याचा धोका जास्त असलेल्या ६७० वृद्धांचा अभ्यास मांडला. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा एकेक तास सराव. नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं, आणि ताकद, तोल, चालणं असे मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरच्या २०१२च्या अभ्यासातही तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस बऱ्याचदा अंथरुणाला खिळतो आणि मग घरच्यांवर अवलंबून राहतो. तेव्हा या आकड्यांची किंमत आपण ओळखावी.

हे कसं घडतं, ते ताई चीच्या एका पावलात दिसतं. आधी सगळं वजन मागच्या पायावर. पुढचा पाय रिकामा, तो टाच टेकवून हलकेच ठेवायचा. त्या क्षणी कुणी सांगितलं तर तो परत उचलता आला पाहिजे. मग हळूहळू त्याच्यावर वजन द्यायचं. यांग चेंगफू यांच्या दहा सूत्रांपैकी एक हेच आहे: भरलेला पाय कोणता आणि रिकामा कोणता, हे स्पष्ट हवं. रोजच्या चालण्यात पाऊल नीट पडण्याआधीच अंग पुढे गेलं की आपण अडखळतो. हे पाऊल रोज घटवणाऱ्या माणसाला जिना उतरताना आणि ओल्या न्हाणीघरात त्याचा उपयोग होतो.

आता सरावात काय बदलायचं, ते सांगतो.

गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा आणि बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. अंगाचा भार असलेल्या पायावर वळू नका. आधी भार काढा, मग पाऊल वळवा. तरुणपणी भारित पावलावर वळण्याची सवय लागली असेल, तर ती आता सोडा. गुडघ्याला तो पीळ झेपत नाही.

ताई चीच्या चेन शैलीत पाय जोरात आपटण्याची आणि अचानक जोर फेकण्याची हालचाल असते. तिथे पाय अलगद टेकवा. उडी मारून मारायची लाथ चालत्या पावलात घ्या, गुडघ्याच्या उंचीपर्यंत. जमिनीलगत जाणारा पवित्रा निम्माच खाली न्या. एका पायावर उभं राहायचं असेल, तिथे दुसऱ्या पायाची बोटं जमिनीला टेकलेली राहू द्या. चिनी गुरूंनी वृद्ध शिष्यांसाठी हे बदल नेहमीच केले आहेत. त्यात कमीपणा नाही.

बागुआमध्ये वर्तुळात चालायचं असतं. वर्तुळ मोठं घ्या, पाऊल नेहमीच्या चालीचं ठेवा, चिखलातून सरकत जाणारं खोल पाऊल नको. दिशा लवकर लवकर बदला, म्हणजे गरगरणार नाही. शिंगयीचा मूळ पवित्रा, ज्यात जास्त वजन मागच्या पायावर असतं, तो उंच घ्या आणि दोन्ही बाजूंनी करा.

नुसतं उभं राहण्याचा सराव, ज्याला झान झुआंग म्हणतात, तो वृद्धांनी अवश्य करावा. चिनी गुरू वांग शियांगझाय यांनी या उभं राहण्यालाच आपल्या कलेचा पाया केला. मिठीत झाड घेतल्यासारखे हात, पण खांद्याच्या वर नाहीत. गुडघे किंचित सैल. मागे खुर्ची, हवं तर बाजूला भिंत. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी करा. हात थरथरले तर खाली घ्या. डोळे उघडे ठेवा, कारण मिटले की तोल सांभाळणं कठीण जातं. श्वास कधीही रोखू नका.

क्रम विसरत असेल, तर त्याची लाज नको. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने २४ हालचालींचा सुटसुटीत फॉर्म तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत होतो. तोही लक्षात राहत नसेल, तर ढगांसारखे हात फिरवण्याची किंवा माघार घेत पाऊल टाकण्याची एकच हालचाल घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा करा. एकेक हालचाल सुटी घटवणं ही चीनमधली जुनी रीत आहे, आणि पट्टीचे साधकही ती पाळतात.

आपल्याला पेलेल त्याच्या सत्तर टक्केच करा. उद्या पुन्हा करायची इच्छा उरली पाहिजे. जेवणानंतर लगेच करू नका. गच्ची पावसाने ओली असेल, तर त्या दिवशी घरातच करा. तळवे पातळ आणि न घसरणारे असतील अशी पादत्राणं घाला. हाडं ठिसूळ झाली असतील, गुडघा बदललेला असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यालाही सगळं सांगा. गुडघ्यात, खुब्यात तीव्र कळ आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर तिथेच थांबा. मांडीचा थकवा चालतो, सांध्याचं दुखणं चालत नाही.

बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या बागेत पहाटे शेकडो वृद्ध एकत्र सराव करतात. एखादा चुकला, तर शेजारच्याकडे पाहून पुढे जातो. वृद्धापकाळी नेम टिकवायचा तर अशी सोबत लागते. एकट्याने करणाऱ्यांनी निदान आठवड्यातून एकदा कुणासोबत तरी करावं. तुईशौ करायचं असेल, तर ओळखीच्या, संयमी जोडीदाराबरोबर करा, पाय जागचे न हलवता आणि धक्का न देता.

शिक्षकांनाही एक सांगणं आहे. सत्तरीच्या विद्यार्थ्याला खोल पवित्र्यात बसवून शिस्त लावू नका. त्याचा गुडघा गेला, तर कला त्याला कायमची नको होईल. आणि मुला-सुनांनो, आई-वडील सकाळी सावकाश हात फिरवताना दिसले, तर ‘आता विश्रांती घ्या’ असं म्हणू नका. बाजूला उभे राहा, तोल जातोय का पाहा, जमलं तर त्यांच्याबरोबर तेच करा. सत्तरी तुमचीही येणार आहे.

शेवटी एवढंच मागणं आहे. सोडून बसला असाल, तर उद्या सकाळी भिंतीजवळ दोन मिनिटं उभे राहा आणि परवा पुन्हा राहा. शिकत असाल, तर आपल्या शिक्षकाला आजच विचारा की या वयाला माझा फॉर्म कसा बदलू. कधीच केलं नसेल, तर एक समंजस शिक्षक शोधा आणि पहिलं रिकामं पाऊल टाकायला शिका. या वयात सुरू केलेला थोडा पण रोजचा सराव, तरुणपणी सोडून दिलेल्या मोठ्या सरावापेक्षा आपल्या खूप जास्त कामी येईल.