फिरत्या गाडीत उजेड, मग कोपीत अंधार का?



सध्या मोबाईलवर सारखं दिसतंय. मोठ्या गाडीच्या टपावर सोलर पॅनल, डिक्कीत लिथियम बॅटरी आणि मंडळी आडरानात मुक्कामाला. दिवे चालू, फ्रीज चालू. करू द्या, हौसेला मोल नसतं.

पण दिवाळीच्या सुमारास आपल्या परभणी-बीडकडून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात, तोही गाडीवरचाच मुक्काम. पाच-सहा महिने, लेकराबाळांसकट, पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत. पहाटे चारला अंधारात बाई उठते. उसात साप, बिबट्या. पाचटाशेजारी चिमणी पेटवायची म्हणजे जीव मुठीत. मोबाईल चार्ज करायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

विचारलं की ठरलेलं उत्तर : "आज इथं, उद्या तिथं. यांना लाईट कुठून द्यायची?"

ही सबब आता खोटी ठरली. हौशी गाडीवाल्यांनीच ती खोटी ठरवली.

हिशोब करा. ५ वॅटचे दोन बल्ब सहा तास, दोन मोबाईल, एक बॅटरी-टॉर्च : रात्रीला साधारण १०० वॅट-तास. ५० वॅटचं एक पॅनल हिवाळ्याच्या उन्हात एवढं आरामात देतं. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर अडीचशे वॅट-तास साठतात, म्हणजे एक दिवस ढग आले तरी निभतं. सोबत चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीजवळ फ्यूज. संपलं! परभणीच्या बाजारात किंमत विचारा आणि एका कोयत्याच्या उचलीशी ताडून बघा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवे लावा म्हणणाऱ्यांनो, ती बॅटरी इंजिन चालू करायला असते. रोज रात्री उतरवली तर महिन्या-दोन महिन्यांत बसते. आणि गाडी ऊस घेऊन कारखान्यावर गेली की कोपीत पुन्हा अंधारच. म्हणून पॅनल कोपीपाशीच पाहिजे, दक्षिणेकडे तोंड करून, उसाच्या सावलीबाहेर. धूळ-राख रोज पुसायची, रात्री आत घ्यायचं.

आता सरकारचं बघा. २०२४ ला पीएम सूर्यघर आली, ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, पण स्वतःचं छप्पर पाहिजे. मागेल त्याला सौर कृषी पंप आला, पण जमीन पाहिजे, पाणी पाहिजे. चांगल्या योजना आहेत, नाही कोण म्हणतं? पण ज्याचं छप्परच दर मुक्कामाला मोडून पुन्हा बांधावं लागतं, त्याने मागायचं काय?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे ना! त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचं ठरलंय. १० लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचेच १ कोटी होतात. त्यातून प्रत्येक कोयत्यामागे एक संच का नाही?

मागणी सरळ आहे. संच महामंडळाने द्यावा, मजुराच्या नावावर, मुकादमाच्या नाही. दुरुस्तीची जबाबदारी कारखान्याच्या गट ऑफिसची. आणि येत्या ग्रामसभेत बोरीने तसा ठराव घ्यावा.

मतदानाला ह्याच माणसांना परत आणायला गाड्या बरोबर मिळतात. मग एक दिवा पोचवायलाच रस्ता सापडत नाही होय?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटात कारण लिहा, फक्त "फिरती माणसं" हे सोडून.