लहान केलेले स्टेशन

एखाद्या कादंबरीला ‘वास्तवदर्शी’ म्हटले की तिची प्रशंसा झाली, असे आपण वर्गात सहज मानून चालतो. तपशील जितका अचूक तितके वास्तव पक्के, हे त्यामागचे गृहीतक. ते तपासायचे असेल तर छोट्या रेल्वेसाठी स्टेशने, गावे आणि डोंगर उभे करणाऱ्या छांदिष्टांचे काम पाहावे. तपशिलाचा एवढा ध्यास अन्यत्र क्वचितच आढळेल.

या कामातली पहिली अडचण लांबीची. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या १:७६ या प्रमाणात ३०० मीटरांचा फलाट जवळजवळ ४ मीटर होतो आणि १ किलोमीटरचा लोहमार्ग १३ मीटर. घरातल्या खोलीत तो मावत नाही. मग स्टेशन बांधणारा फलाट चार डब्यांपुरता ठेवतो, रूळ कमी करतो, दूरचे वळण अलीकडे आणतो आणि गाडी दिसेनाशी व्हावी म्हणून बोगदा योजतो. तरीही स्टेशन ओळखू येते; कारण छपराची झालर, सिग्नलची जागा, इंजिन थांबते तिथला काजळीचा डाग त्याने राखलेला असतो. येथे विश्वास बसतो तो निवडीमुळे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम या गावी ‘पेन्डन’ नावाचे संग्रहालय आहे. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड १९२५ साली ऑस्ट्रेलियातून आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरे बदलत चाललेली पाहून त्यांनी ती लहान प्रतिकृतींत जपण्याचे ठरवले. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही आहे. ही रेल्वे आणि तिचे खोरे दोन्ही काल्पनिक. इमारती मात्र ठिकठिकाणच्या खऱ्या इमारतींवरून घेतलेल्या.

यांतले अधिक खरे कोणते? आपला कौल साहजिकच पहिल्याकडे जाईल. मला मात्र तिथेच सावध व्हावेसे वाटते. इंग्लंड यांनी जपलेला काळ १९२० ते १९४० या दशकांचा. याच काळात तिथल्या शेतीमालाचे भाव कोसळले होते. शाकारलेले छप्पर कितीही हुबेहूब केले तरी त्याखालची ओल आणि ओढगस्त त्यातून दिसत नाही. उलट, तपशील इतका चोख असतो की काही राहून गेले असेल अशी शंकाच येत नाही. अहर्न यांचे खोरे आपण रचलेले असल्याचे लपवत नाही. म्हणून पाहणारा जागा राहतो.

इंग्लंड यांचे काम याने उणे ठरत नाही. त्यांच्याविना त्या घरांचे रूपही स्मरणातून गेले असते. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. हरवलेल्या गावाविषयीच्या आपल्या ग्रामीण कथा आणि आठवणींची पुस्तके शिकवताना ओसरी, पाणवठा, बैलांची नावे किती बारकाईने आली आहेत हे आपण दाखवतो. गाव लहान करताना कोणती वस्ती चौकटीबाहेर राहिली, हेही त्याच तासाला विचारले गेले पाहिजे.