बासी ईदची वाट कशाला पाहायची?

मुंबईत आणि आसपास राहणाऱ्या आपल्या घरांत लहान मुलांना फिरायला नेण्याचे दिवस जवळजवळ ठरलेले असतात. ईदचा दुसरा दिवस म्हणजे बासी ईद, जवळच्या नात्यातले एखादे लग्न, आणि मे महिन्यात गावाहून खाला किंवा फुफी मुलांना घेऊन आली की त्यांच्याबरोबर एक फेरी. बासी ईदला राणीची बाग, गेटवे, जुहूची चौपाटी इथे नव्या कपड्यांतल्या मुलांची रीघ लागते. ती मजा वेगळीच, ती कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या दिवशी काय दिसते ते एकदा खाली वाकून पाहा. त्याला मोठ्या माणसांचे पाय दिसतात. वाघाच्या काचेपाशी पोचेपर्यंत ते रडकुंडीला आलेले असते. आणि त्याची अम्मी? तिच्या एका खांद्यावर पिशवी, कडेवर धाकटे, हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. घरी आल्यावर तिला विचारा, आज काय पाहिलेस? ती म्हणेल, मुलांना पाहिले.

म्हणून या महिन्यात एक साधी सूचना करते. मूल शाळेत जायला लागण्याआधी, म्हणजे तीन ते सहा या वयात, वर्षातून चार वेळा तरी त्याला साध्या, बिनगर्दीच्या दिवशी शहरातली एक जागा दाखवायला न्यायचे. एका दिवशी एकच जागा, फार तर दोन-अडीच तास. एवढ्या वयाच्या मुलाचे पाय आणि डोळे त्याहून जास्त घेत नाहीत. एका दिवसात म्हातारीचा बूट, मत्स्यालय, चौपाटी असे सगळे उरकायला गेलो की मूल टॅक्सीत झोपते आणि मोठ्यांची भांडणे होतात.

पहिली जागा राणीची बागच असू द्या. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्याजोगी. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, आणि आज ती महापालिकेची आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही भरलेल्या करातून चालते. बुधवारी ती बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे लक्षात असू द्या. आई-वडील आणि बारा वर्षांपर्यंतची दोन मुले यांना मिळून शंभर रुपयांचे एक तिकीट, असा दर गेली काही वर्षे आहे. निघण्याआधी तेवढे विचारून घ्यावे.

सकाळी बाग उघडताच आत जा. त्या वेळी ऊन कमी असते आणि प्राणीही हिंडत-फिरत असतात. दुपारी वाघ झोपलेला असतो आणि मूल विचारते, तो मेला का? आधी पेंग्विन पाहून घ्या, कारण पुढे तिथे रांग वाढते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ साली मुंबईत आले. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फ आठवतो, पण ही जात दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहते. मुलाला एवढे सांगा की यांचे घर फार लांब, समुद्राच्या काठी आहे, आणि इथे त्यांच्यासाठी गार खोली केली आहे. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीदार घरात आपल्याला आत शिरून चालता येते, पक्षी डोक्यावरून उडतात. लहान मुलांना हा भाग वाघापेक्षाही आवडलेला मी पाहिला आहे.

या बागेत एक गोष्ट बहुतेक जण न पाहताच जातात, ती म्हणजे झाडे. मुळात ही जागा वनस्पतींची बाग म्हणूनच सुरू झाली. इथे गोरखचिंचेचे झाड आहे. ते मूळ आफ्रिकेतले, बुंधा एवढा जाड की घरातल्या सगळ्यांनी हात धरून त्याला कवेत घेता येते का, हा मुलांसाठी चांगला खेळ होतो.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली उघडले, मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. तेही बुधवारी बंद असते, आणि मधूनमधून दुरुस्तीसाठीही बंद ठेवावे लागते, तेव्हा आधी चौकशी करा. त्याच दिवशी मात्र तिथे जाऊ नका. पुढच्या वेळेसाठी ठेवा. आत मातीच्या छोट्या मूर्तींमधून जुनी मुंबई मांडली आहे. कोण काय धंदा करायचे, कोण कसे कपडे घालायचे, कोणाची पगडी कशी, टोपी कशी. आमच्या दादाच्या वेळी असे कपडे होते का, हा प्रश्न इथे हमखास येतो. दादा बरोबर असतील तर त्यांनाच उत्तर देऊ द्या.

संग्रहालयाबाहेरच्या बागेत एक मोठा दगडी हत्ती आहे. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्यालाच पाहून त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले, पण उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडले. हत्ती जायला तयारच नव्हता, असे मुलाला सांगितले तर ती गोष्ट त्याच्या कायमची लक्षात राहील.

दुसरी जागा फोर्टमधले मोठे संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अनेक घरांत ऐकू येते की संग्रहालय म्हणजे शिकलेल्यांची जागा, तिथे आपण बुरखा घालून, मुले घेऊन गेलो तर लोक बघत राहतील. मला वाटते हा संकोच मुलाने आपल्याकडून शिकण्याआधी सोडायला हवा. तिकीट काढणारा प्रत्येक जण तिथला पाहुणा असतो. आणि या इमारतीत तर आपल्याला ओळखीचे कितीतरी आहे. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला आहे. गेटवे ऑफ इंडियाही त्यांनीच बांधला. सोलापूर, सांगली, मिरजेकडच्या ज्या घरांनी विजापूरला जाऊन गोल घुमटात आवाज घुमवला आहे, त्यांना रस्त्यातूनच ओळख पटेल. पहिल्या महायुद्धात ही इमारत लष्करी इस्पितळ होती, आणि १९२२ साली ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली.

इथल्या संग्रहात अकबराच्या काळात चित्रे काढलेले ‘अन्वार-ए-सुहैली’ हे फारसी हस्तलिखित आहे. पंचतंत्रातल्या प्राण्यांच्या गोष्टी अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाल्या आणि त्यांचेच पुढचे रूप म्हणजे हे पुस्तक. दोन हंस आणि बडबडे कासव यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जाण्याच्या आदल्या रात्री ती मुलाला सांगा, आणि संग्रहालयात लहान आकाराची मोगल चित्रे दिसली की त्यात प्राणी शोधायला लावा. आपल्या शाळेतल्या मराठी पुस्तकातली गोष्ट आणि बादशहाच्या चित्रकाराने रंगवलेली गोष्ट एकच, हे मोठ्या भावंडांनाही कळू द्या.

लहान मूल मात्र चित्रांपाशी पाच मिनिटेच थांबेल. त्याला ढाली-तलवारी आणि नैसर्गिक इतिहासाच्या दालनातले पेंढा भरलेले प्राणी, पक्षी दाखवा. २०१९ पासून तिथे मुलांसाठी वेगळे बालसंग्रहालयही आहे. आणि सगळी दालने पाहायचा हट्ट धरू नका. दोन पाहून झाली, मुलाने मांडी घातली, की बाहेर हिरवळीपाशी या.

तिसरी जागा वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. ते १९८५ साली सुरू झाले. इतर ठिकाणी आपण मुलांना दिवसभर ‘हात लावू नको’ म्हणत असतो. इथे बटणे दाबायला, चाके फिरवायला, आरशात वेडेवाकडे दिसायला मुलांना मोकळीक आहे. बाहेरच्या विज्ञान उद्यानात झोके आणि खेळणीच विज्ञान शिकवतात. पाच वर्षांच्या मुलाला नियम समजणार नाही, पण जोर लावला की काय हलते ते हाताला समजते. इथून हाजी अली जवळ आहे. दर्ग्यात जायचे असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा. भरतीला समुद्रातली ती वाट पाण्याखाली जाते, आणि लहान मूल बरोबर असताना पाणी चढते आहे असे दिसले तर पाऊल टाकू नये.

चौथी जागा फारशी कोणी सुचवत नाही, ती म्हणजे भाऊचा धक्का. तिथून लाँचने समोरच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. पावसाळ्याचे महिने सोडून, समुद्र शांत असताना. आपल्या कोकणी घरांतल्या नानी-दादींनी तरुणपणी याच धक्क्यावरून बोटीने गाव गाठलेले आहे. सामान, कोंबड्या, रडणारी मुले, आणि बंदरात बोट उभी राहिली की छोट्या होडीत उतरणे. त्या आठवणी घरात गादीवर बसून निघत नाहीत, पाण्याचा वास आला की निघतात. गुडघे साथ देत असतील तर नानीला बरोबर न्या.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. डबा घरचा न्या. हलाल-हरामची चौकशी करत फिरावे लागत नाही आणि पैसेही वाचतात. खिमा-पाव, उकडलेली अंडी, केळी एवढे पुरते. मात्र दालनांच्या आत खाऊ देत नाहीत, तेव्हा खाण्याची जागा आधी विचारा. सकाळी निघालात तर जोहरच्या वेळेपर्यंत पाहणे संपते, आणि भायखळा, फोर्ट, वरळी या तिन्ही भागांत मशिदी आहेत. बायकांनी नमाज घरी परतून पढता येईल अशी वेळ धरावी, म्हणजे धावपळ होत नाही. लोकलने जात असाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. मुलाच्या खिशात अब्बांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि आत शिरताच पहारेकऱ्याचा गणवेश दाखवून सांगा, हरवलास तर या काकांकडे जायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पिशवी कोणी धरायची हे घरातून निघतानाच ठरवा. माझी सूचना अशी की पहिला तास अब्बांनी मूल आणि पिशवी दोन्ही सांभाळावे. अम्मीचे हात मोकळे असू द्यावेत. तिलाही पेंग्विन पाहायचा असतो, तिलाही घुमटाखाली उभे राहून वर पाहायचे असते. ज्या मुलाने आपल्या आईला काहीतरी कुतूहलाने पाहताना पाहिले आहे, ते स्वतःही पाहायला शिकते. जिने फक्त सामान राखले तिच्याकडून ते काय शिकणार?

घरी आल्यावर मुलाची परीक्षा घेऊ नका. काय काय पाहिले सांग, असे पाहुण्यांसमोर विचारले की मूल गप्प होते. कागद आणि रंग पुढे ठेवा. हत्ती राहून गेला आणि लाँचवरच्या मांजराचे चित्र निघाले तरी चालेल, ती सहल त्याची होती. उद्या शाळेच्या सहलीला ते याच जागी जाईल तेव्हा रांगेतल्या मित्राला सांगेल, मला माहीत आहे, मी आधी आलो आहे. एवढ्यासाठी दोनशे-तीनशे रुपये आणि एक सकाळ काही जास्त नाही.

तेव्हा हा अंक खाली ठेवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्यातल्या एका तारखेवर खूण करा. बुधवार मात्र टाळा.