उंबरठा तुम्हाला ऐकू येत नाही काय?

अबीर-गुलालाचा तो अभंग ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या आवाजाने तो घराघरात नेला. आषाढी जवळ आली की रेडिओवर तोच, मांडवातल्या भोंग्यावर तोच, आता खिशातल्या मोबाइलवर तोच. पहिल्या ओळीला लोक माना डोलावतात, टाळ्या धरतात. रंग उधळला जातोय, देव नाचतोय, सगळं कसं मंगल! आणि मग दुसरं कडवं येतं. तेव्हाही माना तशाच डोलत राहतात.

दोस्तांनो, माझं भांडण त्या डोलणाऱ्या मानांशी आहे.

दुसऱ्या कडव्यात चोखा काय म्हणतो? आम्ही जातीने हीन, उंबरठ्याला शिवायचं कसं, आणि शिवायचंच नाही तर तुझं रूप बघायचं कसं. सरळ प्रश्न आहे. त्यात कोडं नाही, रूपक नाही, गूढगुंजन तर नाहीच नाही. तरी एका संगीतसभेनंतरच्या चर्चेत मी हे बोललो तेव्हा मराठीचे एक प्राध्यापक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कलेचा आस्वाद निर्मळ मनाने घ्यावा. भक्तीच्या गाण्यात तुम्ही जात कशाला आणता?"

मी आणली? सर, जात चोख्याने आणली. दुसऱ्याच कडव्यात आणली. तुम्ही तिथे डोळे मिटून दाद देत होता.

हे लोक गाणं ऐकतात म्हणजे नेमकं काय करतात? चाल ऐकतात, आलाप ऐकतात, तान कुठे घेतली ते ऐकतात. शब्द हा त्यांच्या लेखी सुराला टांगायचा खुंटा. आणि चुकून शब्दाचा अर्थ अंगावर आलाच, तर तयार आधार असतो: हा उंबरठा म्हणजे अहंकाराचा उंबरठा, ही जात म्हणजे जिवाची क्षुद्रता. झालं! देवळाचा दगडी उंबरठा एका फुंकरीत हवेत विरघळला. ज्यांनी तो बांधला त्यांना आता काही विचारायलाच नको.

माझी आजी निरक्षर होती. तिला प्राध्यापकांचा आस्वाद माहीत नव्हता. हा अभंग लागला की ती एवढंच म्हणायची, "त्येला आत घेतला न्हाई, म्हनून त्यो बाहीर नाचला." शंभर पानांच्या प्रबंधात जे सापडत नाही ते तिने एका दमात सांगून टाकलं.

तिचं वाक्य खरं की खोटं, ते गाण्यातच तपासा. कोण कुठे उभा आहे ते कडव्याकडव्याने मांडा. देव घरात नाचतोय. मग येतो उंबरठा, तो शिवता येत नाही. मग पायरी, तिथेच दंग व्हायचं. मग चंद्रभागेचं वाळवंट, तिथे गायचं, तिथे नाचायचं. प्रत्येक कडव्यागणिक गाणारा देवापासून एकेक पाऊल लांब चाललाय. घर, उंबरठा, पायरी, वाळू. आनंद आहे, नाही म्हणत नाही. पण तो बाहेर काढलेल्या माणसाने बाहेरच्या जागेत स्वतःसाठी उभा केलेला आनंद आहे. हे न कळता जो नाचतो तो चोख्याबरोबर नाचत नाही.

आणि हा कवितेपुरता मामला होता काय? चोखा मेला १३३८ साली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा. मधली सहाशे वर्षं चोख्याचे अभंग वारकऱ्यांच्या तोंडून आत जात राहिले आणि चोख्याची माणसं महाद्वाराबाहेर राहिली. शब्दाला विटाळ नव्हता, गळ्याला होता! नाशिकला काळारामाच्या दारात आपले बापजादे १९३० पासून १९३५ पर्यंत सत्याग्रह करत होते, तो दरवाजा अहंकाराचा होता काय?

चोख्याच्या मरणाचाही असाच अर्थ लावलाय. मंगळवेढ्याला कुसवाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तो इतर मजुरांबरोबर तिच्याखाली मेला, असं परंपराच सांगते. कीर्तनकार मात्र पुढच्या कथेवर उडी मारतो: नामदेव आले, हाडं कानाला लावली, ज्या हाडांतून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची. लोक रडतात. हाडातलं नाव ऐकू येतं, भिंतीखालची किंकाळी ऐकू येत नाही. इतर हाडं कुणाची होती, हे विचारणारा कीर्तनकार मला अजून भेटायचा आहे.

आता आपल्याकडे वळतो. चळवळीतली काही पोरं म्हणतात, "चोखा गुलाम होता. फेकून द्या. आपल्याला त्याचं काय?" त्यांचा राग मला समजतो. चोख्याच्याच नावावर असाही अभंग आहे की मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा महाराचा जन्म आला. हे वाचून ज्याचं डोकं फिरणार नाही तो आपला नव्हे. यावर काही जण झटकन सांगतात की चोख्याचे अभंग अनंतभट्ट लिहून घ्यायचा, तेव्हा हे त्या भटाने घुसडलं असणार. असेलही. पण मग उंबरठ्याचा अभंग तरी चोख्याचा कशावरून? त्यात नाथाच्या घराचा उल्लेख आहे. तो नाथ म्हणजे एकनाथ असेल तर तो चोख्यानंतर दोनेकशे वर्षांनी झाला. सोयीचं ते चोख्याचं आणि गैरसोयीचं ते भटाचं, हा हिशेब आपण करायचा नाही. तो धंदा त्यांचा. आपण दोन्ही ऐकायचं. मार खाणाऱ्याच्या तोंडून मारणाऱ्याची भाषा कशी निघते ते एकात ऐकायचं, आणि त्याच तोंडून स्वतःची भाषा कशी निघते ते दुसऱ्यात. चोख्याचा पोरगा कर्ममेळा तर देवालाच सुनावतो की उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही. बायको सोयराबाई विचारते, विटाळ विटाळ करता, विटाळावाचून जन्मलेला देह कुठे आहे ते दाखवा. एका बाईने, महारणीने विचारलेला हा प्रश्न आहे, आणि अभ्यासक्रमात त्याचं शीर्षक पडतं 'अध्यात्म'!

आणि बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. त्यांनी रोखठोक लिहिलं की संतांनी जातीविरुद्ध मोहीम काढली नाही. त्यांचं लक्ष माणसामाणसांतल्या झगड्याकडे नव्हतं, माणूस आणि देव यांच्या नात्याकडे होतं. ही टीका आपण पाठ केली. पण ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकाराम होता. तुकोबा तिथे भीड सोडून आपल्या धन्याशी, देवाशी तोंड वाजवतो. बाबासाहेबांनी तेच शब्द उचलले आणि आपल्या उरावर बसलेल्यांच्या समोर ठेवले. १९२७ ला 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या धनुष्य उचलायला सांगणाऱ्या ओव्या. ते वर्ष चवदार तळ्याचं! कृष्णाने अर्जुनाला सांगितलेलं युद्ध महाडच्या पाण्याकडे वळवणारा असा श्रोता मराठीने दुसरा पाहिला नाही. आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाची अर्पणपत्रिका कुणाच्या स्मृतीला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा.

५६ साली आपण त्या उंबरठ्याकडे पाठ फिरवली, आता आत जायची हौस नाही. म्हणून तर हे गाणं आपल्याला नीट ऐकू येतं. ज्याला आत काही मागायचं नाही त्यानेच दाराचं माप घ्यावं.

तेव्हा पुढच्या बैठकीत भाषणं थोडी कमी करा. तो अभंग लावा. दुसरं कडवं आलं की बंद करा आणि विचारा, गाणारा कुठे उभा आहे? त्याला तिथे कुणी उभं केलं? आणि ज्यांच्या घरात आजी आहे त्यांनी तिला हा अभंग ऐकवून ती काय म्हणते ते लिहून आणा. भीमाच्या ओव्या जात्यावर गायलेली बाई असेल तर आधी तिच्याकडे जा. लिहिताना भाषा शुद्ध करू नका. ती 'न्हाई' म्हणाली तर 'न्हाई'च लिहा.